एडवर्ड लिअर : मुलांना हसविणारा एकाकी माणूस

शब्बाथशाळेचा धडा चालू असताना एखादे मूल खुदकन हसले, की आपण शिक्षकमंडळी लगेच डोळे वटारतो. देवाच्या मंदिरात हसू नये, हे आपल्यालाही वडीलधाऱ्यांनी असेच डोळे वटारून शिकविले आहे. उपासनेचे गांभीर्य राखले पाहिजे, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु पवित्र शास्त्र उघडून पाहिले, तर तेथे हसण्याला मज्जाव केलेला दिसत नाही. अब्राहाम व सारा यांच्या म्हातारपणीच्या लेकराचे नावच मुळी हसण्यावरून पडले. नीतिसूत्रांच्या सतराव्या अध्यायात आनंदी अंतःकरणाला औषधाची उपमा दिली आहे. आणि जखऱ्या संदेष्ट्याला पुन्हा वसलेल्या यरुशलेमेचे दर्शन घडले, तेव्हा त्याला तिच्या रस्त्यांत काय दिसले? खेळणारी मुले आणि मुली.

म्हणून या महिन्यात आम्ही वाचकांना एका निराळ्याच माणसाची ओळख करून देत आहोत. तो पाळक नव्हता, मिशनरी नव्हता, मोठा धर्मवीर तर मुळीच नव्हता. तो चित्रकार होता, जन्मभर आजारी होता, आणि त्याने मुलांसाठी केवळ गमतीची पुस्तके लिहिली. त्याचे नाव एडवर्ड लिअर. त्याला जाऊन १३० हून अधिक वर्षे झाली, तरी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील मुले आजही त्याची गाणी म्हणत झोपी जातात. आपल्या वाचकांना विशेष वाटावे असे म्हणजे हा माणूस मुंबईच्या बंदरात उतरला होता आणि पुण्याचा पावसाळाही त्याने पाहिला होता.

एकवीस भावंडांतला विसावा

एडवर्डचा जन्म १८१२ च्या मे महिन्यात लंडनच्या उत्तरेस होलोवे येथे झाला. आईवडिलांना एकवीस मुले झाली, त्यांतील हा विसावा असे सांगतात. काही भावंडे लहानपणीच वारली. वडील शेअरबाजारातील दलाल होते. एडवर्ड चार वर्षांचा असताना धंद्यात मोठी खोट आली आणि भरल्या घराची घडी विसकटली. एवढ्या लेकरांचे आईने कसे व काय करावे? तिने या धाकट्याला सर्वांत थोरल्या मुलीच्या, ॲनच्या, ओटीत टाकले. ॲन त्याच्याहून एकवीस वर्षांनी मोठी होती. तेव्हापासून तीच त्याची आई झाली.

आईने आपल्याला दूर केले, ही सल एडवर्डच्या मनातून कधी गेली नाही. परंतु ॲनने त्याला जे दिले, ते पुष्कळ आईबापांनाही देता येत नाही. ती भाविक स्वभावाची होती. ती त्याला पवित्र शास्त्रातील गोष्टी वाचून दाखवी, जुन्या ग्रीक कथा सांगे, फुले व पाखरे समोर ठेवून चित्र काढायला शिकवी. शाळेचे तोंड त्याने फारसे पाहिले नाही. ॲनने लग्न केले नाही. १८६१ मध्ये तिचा अंत झाला तोवर हा भाऊ जगात कोठेही असो, तिला लांबलचक पत्रे लिहीत असे.

एडवर्डला पाच-सहा वर्षांच्या वयापासून फेफऱ्याचा रोग होता. त्या काळी त्यावर काही उपाय नव्हता, आणि रोगापेक्षा लोकांच्या समजुती अधिक भयंकर होत्या. फेफरे म्हणजे कलंक, घराण्याची बेअब्रू, रोग्याच्याच वाईट वागणुकीचे फळ, असे शिकलेले लोकही मानीत. झटका येण्यापूर्वी एडवर्डला त्याची चाहूल लागे. मग तो काहीतरी निमित्त काढून खोलीत जाई, दार लावून घेई, आणि सर्व शांत झाल्यावर बाहेर येऊन पुन्हा हसतखेळत गप्पांना बसे. आपल्या रोजनिशीत तो त्या दिवसापुढे लहानशी फुली मारून ठेवी. या फुल्यांचा अर्थ त्याच्या जिवलग मित्रांनाही ठाऊक नव्हता. भरीला दमा होता, दृष्टी अधू होती, आणि मधूनमधून मनावर दाट उदासी उतरे. सुमारे सत्तर वर्षे त्याने हे ओझे एकट्याने वाहिले.

पोपटांचा चित्रकार

पंधरासोळा वर्षांचा असतानाच एडवर्ड पोटासाठी चित्रे विकू लागला. रोग्यांच्या अवयवांची चित्रे डॉक्टरांना काढून दे, पंखे व पडदे रंगव, दुकानात लहान चित्रे विकायला ठेव, असे पडेल ते काम तो करी. ॲन व तो एका भाड्याच्या जागेत राहत.

१८३० मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पोपटांची चित्रे काढण्याची परवानगी त्याला मिळाली. तोवर पक्ष्यांची चित्रे बहुधा पेंढा भरलेल्या मेल्या पाखरांवरून काढीत. हा अठरा वर्षांचा मुलगा पिंजऱ्याजवळ बसून जिवंत पोपटांची मापे घेई, त्यांचे नखरे पाही, आणि मग छापण्याच्या दगडावर स्वतःच्या हाताने चित्र उतरवी. १८३० ते १८३२ या काळात त्याची ४२ मोठी चित्रे प्रसिद्ध झाली. पुढे पैसा संपला आणि काम अपुरे राहिले. पण तेवढ्या चित्रांनीच तो मोठ्या पक्षिचित्रकारांच्या पंक्तीला बसला. ब्राझील देशातील एका निळ्या मकाव पोपटाला शास्त्रज्ञांनी लिअरचे नाव दिले आहे.

ती चित्रे पाहून लॉर्ड स्टॅन्ली यांनी त्याला आपल्या नोझली येथील वाड्यावर बोलाविले. हेच पुढे डर्बीचे तेरावे अर्ल झाले. त्यांनी आपल्या आवारात देशोदेशीचे पशुपक्षी पाळले होते, त्यांची चित्रे काढण्याचे काम लिअरकडे आले. आरंभी हा गरीब चित्रकार वाड्यातील कारभारी मंडळींबरोबर जेवत असे. सांगतात की, म्हाताऱ्या अर्लच्या ध्यानात आले, आपली नातवंडे जेवण उरकताच टेबलावरून पसार होतात. चौकशी केली, तेव्हा कळले की, खाली एक तरुण चित्रकार असतो आणि त्याच्याजवळ फार मजा येते. अर्लने हुकूम दिला, मुले त्याच्याकडे जातात तर त्यालाच वर आपल्या पंक्तीला बसवा. मुलांच्या प्रेमाने त्याला असे वरच्या टेबलावर नेऊन बसविले.

निरर्थक गाण्यांचे पुस्तक

त्या वाड्यातील मुलांसाठी लिअर यांनी लहान लहान गाणी रचली आणि प्रत्येकाला साजेसे वेडेवाकडे चित्र काढले. हा प्रकार आज लिमरिक या नावाने ओळखला जातो. हे नाव मात्र लिअर यांच्या पश्चात रूढ झाले. कोण्या गावचा एक म्हातारा किंवा एक बाई, तिचे काहीतरी अजब वेड, आणि त्यातून उडालेला गोंधळ, एवढेच त्यात असते. कोणाच्या दाढीत पाखरांनी घरटी केलेली, कोणाचे नाक हातभर लांब. अर्थ शोधू गेल्यास हाती काही लागत नाही, पण यमक व ताल असा पक्का की, मूल एकदा ऐकून पाठ म्हणते. आपल्याकडील बडबडगीतांचे हे इंग्रज भावंडच म्हणावे. मराठीत विंदा करंदीकरांनी मुलांसाठी जी उफराट्या गमतीची गाणी लिहिली, त्यांचा गोडवा ज्यांनी चाखला आहे, त्यांना लिअर परके वाटणार नाहीत.

१८४६ मध्ये ही गाणी पुस्तकरूपाने निघाली. त्यावर लेखकाचे खरे नाव नव्हते, एक गमतीचे टोपणनाव होते. त्याच वर्षी लिअर यांनी व्हिक्टोरिया राणीला चित्रकलेचे काही धडे दिले. ज्याला राणीचा शिक्षक व्हायचे, त्याने पोरकट गाण्यांवर आपले नाव कसे घालावे, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. १८६१ मध्ये मात्र वाढविलेली आवृत्ती त्यांनी स्वतःच्या नावाने काढली. पुस्तकाचे हक्क त्यांनी १२५ पौंडांना विकून टाकले, आणि त्यानंतर त्यांच्या हयातीतच त्याच्या वीसहून अधिक आवृत्त्या खपल्या! व्यवहारात ते असेच होते.

या पुस्तकाने केवढा बदल घडविला, हे समजण्यासाठी त्या काळची मुलांची पुस्तके कशी होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. ती बहुतेक उपदेशाने भरलेली असत. आज्ञा मोडणारा मुलगा नदीत बुडे, खोटे बोलणारी मुलगी आजारी पडून मरे, आणि शेवटी लेखक तात्पर्य सांगे. सांगण्यास खेद वाटतो, पण अशी पुष्कळशी पुस्तके धर्माच्या नावाने व शब्बाथशाळांच्या बक्षिसांसाठीच छापली जात. मुलांना देवाची ओळख होण्याऐवजी देवाचे भय तेवढे वाटे. लिअर यांच्या पुस्तकात तात्पर्य नव्हते. त्यात कोणी मुलांवर बोट रोखीत नव्हते. मोठी माणसेच त्यात वेड्यासारखी वागत होती, आणि मुले पोट धरून हसत होती.

तरीही त्या गाण्यांत एक गोष्ट वारंवार येते, ती जाणत्या वाचकांनी हेरली आहे. गाण्यातील विचित्र माणसाभोवती नेहमी लोकांचा एक जमाव असतो. त्याचे नाक, त्याचे नाचणे, त्याचे खाणे त्यांना खपत नाही. ते त्याला टोचून बोलतात, हाकून देतात, प्रसंगी मारतातही. आपल्या खोलीचे दार लावून घेऊन फुली मारणाऱ्या माणसाने ती गाणी लिहिली आहेत, हे आठवले म्हणजे हसता हसता आम्ही जरा थांबतो. चारचौघांहून निराळ्या माणसाचे काय होते, हे त्यांना चांगले ठाऊक होते.

एकदा लिअर आगगाडीतून जात होते. डब्यात दोन मुलांना घेऊन बसलेल्या बाया त्यांचेच पुस्तक वाचून हसत होत्या. तेवढ्यात एका वृद्ध गृहस्थांनी मोठ्या अधिकाराने माहिती दिली की, लिअर नावाचा कोणी इसमच नाही. हे पुस्तक डर्बीच्या अर्लने लिहिले आहे, आणि अर्ल या इंग्रजी शब्दातील अक्षरे फिरवून त्याने लिअर हे नाव बनविले आहे. लिअर यांनी सांगून पाहिले, पण गृहस्थ ऐकेनात. शेवटी त्यांनी आपल्या टोपीच्या आतले नाव, छत्रीवरचे नाव आणि खिशातील पत्रांवरचे नाव दाखविले, तेव्हा कोठे त्यांचे अस्तित्व सिद्ध झाले! ही हकीकत त्यांनी स्वतःच पुढल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत दिली आहे.

जैतुनांच्या डोंगरावर

लिअर यांचा मुख्य व्यवसाय देखाव्यांची चित्रे काढण्याचा. १८३७ मध्ये ते प्रकृतीसाठी रोमला गेले आणि त्यानंतर त्यांचे बहुतेक आयुष्य परदेशातच गेले. इटली, ग्रीस, अल्बेनिया, मिसर अशी भ्रमंती त्यांनी केली. आपली कला अपुरी आहे असे वाटून १८५० मध्ये, सदतिसाव्या वर्षी, ते लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या शाळेत पोरासोरांबरोबर विद्यार्थी म्हणून दाखल झाले. शिकण्याची लाज त्यांनी कधी बाळगली नाही.

१८५८ मध्ये ते पवित्र भूमीत गेले. जैतुनांच्या डोंगरावर तंबू ठोकून त्यांनी यरुशलेमेची चित्रे काढली. बेथलेहेम, हेब्रोन, मृत समुद्र असे त्यांनी पाहिले. पेत्रा येथे स्थानिक टोळ्यांनी त्यांना घेरून खिशातील चीजवस्तू लुटली, तो प्रसंगही पुढे त्यांनी विनोदानेच सांगितला. लबानोनच्या गंधसरूंचे त्यांचे मोठे चित्र फार काळ विकले गेले नाही आणि अखेर मूळ किमतीच्या कितीतरी कमी पैशांत द्यावे लागले.

यरुशलेमेच्या भूमीने त्यांचे मन भरून आले, परंतु एका गोष्टीने ते विटले. प्रभूच्या नावाने ओळखले जाणारे निरनिराळे पंथ तेथे एकमेकांशी हाडवैराने वागत होते. परधर्मीयाला ख्रिस्तापासून दूर ठेवायचे असेल, तर त्याला येथे आणून हे भांडण दाखविले म्हणजे पुरे, असे त्यांना वाटले. आपण हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे की, लिअर हे मंडळीच्या कामात पुढाकार घेणारे सभासद नव्हते. लांबलचक उपदेशांचा त्यांना कंटाळा होता. नरकाग्नीचा धाक घालणाऱ्या धर्मोपदेशकांविषयी त्यांच्या मनात राग होता. त्यांना संत ठरविण्याचा आमचा विचार नाही. पण त्यांची तक्रार देवाविरुद्ध होती की देवाच्या लोकांविरुद्ध, याचा विचार वाचकांनी करावा.

आजारी मुलीसाठी एक गाणे

१८६७ च्या डिसेंबरात लिअर फ्रान्समध्ये कान या गावी होते. तेथे त्यांचे एक लेखक मित्र सहकुटुंब उतरले होते. त्यांची लहानगी मुलगी जॅनेट आजाराने अंथरुणाला खिळली होती. त्या लेकरासाठी लिअर यांनी एक गाणे लिहिले. एक घुबड आणि एक मांजर एका सुंदर होडीतून समुद्रावर जातात, अंगठी मिळवितात, त्यांचे लग्न होते, आणि चांदण्यात वाळूवर हातात हात घालून ते नाचतात. जगात ज्यांचे जमणे अशक्य, अशा दोन जिवांचे त्या गाण्यात गोडीगुलाबीने जमते. हेच त्यांचे सर्वांत प्रसिद्ध गाणे.

स्वतः लिअर यांचे लग्न झाले नाही. एका सुस्वभावी बाईला मागणी घालावी, असे त्यांच्या मनात अनेकदा आले, पण विचारण्याचे धैर्य झाले नाही. त्यांचा रोग, त्यांची गरिबी, स्वतःच्या रूपाविषयी त्यांचा वाईट समज, हे सारे आड आले असावे. त्यांना स्वतःची लेकरे नव्हती, पण ज्या घरी ते पाहुणे जात, त्या घरच्या मुलांसाठी मुळाक्षरांची चित्रे काढून ठेवीत. एकेका अक्षरावर एकेक प्राणी अथवा वस्तू, आणि खाली दोन ओळींची गंमत. ते खोटे वनस्पतिशास्त्रही लिहीत. एका झाडाला फुलांऐवजी उलटी टांगलेली माणसे त्यांनी काढली आहेत. पुढच्या पुस्तकांत चाळणीत बसून समुद्रप्रवासाला निघालेले धाडसी लोकही भेटतात. सगळे त्यांना बुडाल असे बजावतात, पण ते दूरदूरचे देश पाहून सुखरूप परत येतात.

मुंबई, पुणे आणि हैदराबाद

त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक हे लिअर यांचे जुने स्नेही. त्यांच्या निमंत्रणावरून २२ नोव्हेंबर १८७३ रोजी लिअर मुंबईस उतरले. वय एकसष्ट, प्रकृती तोळामासा, सोबत जॉर्जिओ नावाचा ग्रीक नोकर. तेव्हापासून १८७५ च्या जानेवारीपर्यंत हे दोघे हिंदुस्थानभर हिंडले. काशीचे घाट पाहून ते चकित झाले. दार्जिलिंगहून त्यांनी कांचनगंगेची चित्रे काढली. १८७४ च्या पावसाळ्यात त्यांचा मुक्काम पुण्यास होता. हैदराबादकडेही ते जाऊन आले, पुढे दक्षिण आणि लंका पाहिली. रंग, झाडे, माणसांची गर्दी पाहून ते एकीकडे हरखून जात, आणि दुसरीकडे खाटा, धर्मशाळा व बैलगाड्यांच्या हालांनी कुरकुरत. ही दोन्ही मनःस्थिती त्यांच्या रोजनिशीत शेजारी शेजारी आहे.

या प्रवासात आपले देशी शब्द त्यांच्या कानावर पडले आणि त्यांच्यातील खोडकर मूल जागे झाले. १८७४ च्या जुलैत मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात त्यांचे एक गाणे छापून आले. त्यात एक सुंदर बाई धोब्यावर बसून सायंकाळचा तारा पाहते. तिच्या घराभोवती खानसामा नावाची उंच झाडे वाढली आहेत. नदीत सोनेरी परांचे चपराशी पोहतात. आणि शेवटी कमरबंद नावाचे भयंकर जनावर येऊन त्या बाईला गिळून टाकते! साहेबलोकांना आपल्या भाषा धड येत नाहीत, याचीच त्यात थट्टा आहे. इंग्रज वाचक भयाने थरथरले असतील, तर धोबी व चपराशी पोट धरून हसले असते.

याच प्रवासात एका मुक्कामी त्यांनी एका लहान मुलीला घुबडाचे व मांजराचे चित्र काढून दिले. ती म्हणाली की, हे गाणे तर मला शाळेत शिकविले आहे. लिअर यांना किती आनंद झाला असेल! त्यांची मोठी चित्रे लंडनमध्ये विकली जात नव्हती, आणि एका आजारी मुलीसाठी लिहिलेले गाणे त्यांच्या आधी हिंदुस्थानात पोचले होते.

शेवटचे दिवस

उतारवयात लिअर यांनी इटलीत सॅन रेमो येथे घर बांधले. तेथे फॉस नावाचे शेपूटतुटके मांजर त्यांचा सोबती झाले. त्याची शेकडो गमतीची चित्रे त्यांनी मित्रांना पाठविलेल्या पत्रांतून काढली. पुढे घरासमोर मोठे हॉटेल उभे राहून उजेड अडला, तेव्हा त्यांनी १८८१ मध्ये दुसरे घर बांधले. ते हुबेहूब पहिल्यासारखेच होते. मांजराचा गोंधळ होऊ नये म्हणून, असे लोक गमतीने सांगतात.

जॉर्जिओने १८५६ पासून त्यांची सेवा केली. लिअर यांनी त्याला लिहायला वाचायला शिकविले, त्याच्या कुटुंबाला मदत केली. १८८३ मध्ये तो वारला, तेव्हा धनी मुलासारखा रडला. १८८६ मध्ये नामांकित इंग्रज लेखक जॉन रस्किन यांनी आपल्या आवडीच्या लेखकांत लिअर यांना पहिले स्थान दिले. म्हाताऱ्याला फार बरे वाटले, पण शरीर थकले होते. १८८७ च्या नोव्हेंबरात फॉस मेला. दोन महिन्यांनी, २९ जानेवारी १८८८ रोजी, लिअर यांनी देह ठेवला. जुन्या मित्रांपैकी एकालाही अंत्यविधीला पोचता आले नाही. सॅन रेमोच्या दफनभूमीत त्यांचा दगड आहे आणि त्याच्या शेजारी जॉर्जिओच्या स्मरणाचा दगड आहे. धनी व चाकर यांची नावे अशी शेजारी शेजारी आहेत.

आपण काय घ्यावे

या चरित्रातून दोन गोष्टी आमच्या मनात राहिल्या. त्या आम्ही शब्बाथशाळेच्या शिक्षकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट वर्गाविषयी आहे. मुलांना तात्पर्य लवकर सांगून टाकण्याची आपल्याला घाई असते. योनाची गोष्ट सांगताना माशाच्या पोटातील काळोख, घाण, आणि किनाऱ्यावर बाहेर टाकलेला ओलाचिंब संदेष्टा, हे सारे मुलांना दिसू न देताच आपण आज्ञाधारकपणावर येतो. जरा थांबावे. मुलांना हसू द्यावे, चित्रे काढू द्यावीत, ताल धरू द्यावा. गाढव बोलले ही बलामाची कथा हसल्याशिवाय ऐकणारे मूल आम्ही अजून पाहिले नाही. हसलेल्या मुलाला गोष्ट आठवते, आणि आठवलेल्या गोष्टीतून पुढे देव त्याच्याशी बोलतो. हे काम आपण त्याच्यावर सोपवावे. आपल्या मंडळ्यांत, मग ती बेळगावची असो, इंदूरची असो की वडोदऱ्याची, मराठी बोलणारी पुष्कळ मुले शाळेत दुसऱ्या भाषेत शिकतात. त्यांना मायबोलीची गोडी लावायची तर मराठी गमतीच्या गाण्यांसारखा दुसरा सोपा उपाय नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मत्तयाच्या सतराव्या अध्यायात फेफरेकरी मुलाचा बाप आपल्या लेकराला घेऊन भर गर्दीत प्रभूकडे आला. त्याने मुलाला लपविले नाही, आणि प्रभूनेही त्याला दूर लोटले नाही. लिअर यांना मात्र सत्तर वर्षे दार लावून घ्यावे लागले. फेफरे हा मेंदूचा आजार आहे, तो पाप नाही, शाप नाही, भूतबाधा नाही, आणि आज नियमित औषधांनी बहुतेकांचे झटके आटोक्यात राहतात, हे डॉक्टर आपल्याला सांगतात. तरीही आपल्या मंडळ्यांत किती आईबाप हे दुखणे लपवितात! मुलीचे लग्न मोडेल म्हणून, लोक बाजूला बसतील म्हणून, कोणीतरी पापाची कबुली मागेल म्हणून. कित्येकदा औषध मध्येच सोडले जाते, कारण गोळी घेताना पाहुण्यांनी पाहिले असते. त्या गाण्यांतील जमाव म्हणजे कोण, असा प्रश्न आम्ही आमच्याच मंडळीला विचारला, तेव्हा उत्तर देणे आम्हांला जड गेले.

आपल्या वर्गात एखादे मूल असेल. ते सर्वांत जास्त गंमत करीत असेल, सर्वांना हसवीत असेल, आणि मधूनच गप्प होऊन कोपऱ्यात जात असेल. त्याच्याकडे लक्ष असू द्या. त्याच्या आईला एकांतात भेटा, आणि मुलाला चटईच्या टोकावर न बसविता मधोमध बसवा. झटका आलाच, तर काय करावे हे आधी एखाद्या डॉक्टरांकडून समजून घ्या, म्हणजे इतर मुले घाबरणार नाहीत आणि झटका ओसरल्यावर त्या मुलाला लाजेने मान खाली घालावी लागणार नाही.

लेकरांना आपल्याजवळ येऊ द्या असे सांगणाऱ्या प्रभूने त्यांच्यात हसरी कोणती आणि आजारी कोणती, असा भेद केला नाही. आपल्या मंडळ्यांत कोणत्याही लेकराला दार लावून घ्यावे लागू नये, आणि आपल्या शब्बाथशाळा मुलांच्या हसण्याने भरून जाव्यात, हीच आमची प्रार्थना.